तो सूट, ती सूट

मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी अंगात सूट घालून दुकानात गेलं की खरेदीवर सूट मिळते, हे आता शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. त्या दिवशी सकाळपासून माणसं कोट-पँट चढवून, हातात पिशव्या घेऊन बाजारात हिंडतात. ज्यांच्याकडे सूट नाही ते शेजाऱ्याकडे मागतात. शेजाऱ्याकडेही नसला तर दोघं मिळून तिसऱ्याच्या दारात उभे राहतात. कोट बघितला की भाजीवालीसुद्धा जुडीत चार काड्या जास्त घालते आणि वर म्हणते, “साहेबांना म्हणून हं.”

ही प्रथा सुरू कशी झाली, याबद्दल मात्र ज्याच्या तोंडाला येईल ते तो सांगतो. एक प्राध्यापक म्हणतात, पूर्वी व्यापारी लोक दूरदेशीच्या पाहुण्यांना मान म्हणून भावात सवलत देत, त्यातून ही चाल पडली. (परका माणूस दिसला की व्यापारी भाव कुठल्या दिशेने नेतात, हे प्राध्यापकांना बहुधा घरच्यांनी कळू दिलेलं नाही.) वर्तमानपत्राच्या पुरवणीत दरवर्षी एका दानशूर शिंप्याची गोष्ट येते. त्या शिंप्याचं गाव दरवर्षी बदलतं. आणि कोपऱ्यावरच्या कापडवाल्याने तर गल्ल्याच्या वर आपल्या आजोबांचा फोटो टांगून खाली ‘सूटप्रथेचे आद्य जनक’ असं लिहून टाकलंय. फोटोतले आजोबा कमरेपासून वर उघडेबंब आहेत.

खरं सांगायचं तर ही प्रथा एका कपाटातून बाहेर पडली. आणि तिला बाहेर काढायला कारण झाला एक साडू.

पाटीवर: येथे सूट मिळेल

वजनमापे कार्यालयातले वरिष्ठ लेखनिक. गल्ली त्यांना मोजके म्हणते. दुकानदारांचे तराजू आणि मीटरपट्ट्या तपासून शिक्का मारणाऱ्या खात्यात उभा जन्म गेल्यामुळे की काय, त्यांचं सगळंच मोजकं. चहात साखर मोजकी, हसणं मोजकं, बोलणं तर इतकं मोजकं की फोनवर पलीकडच्याला लाइन कट झाली असं वाटायचं. कार्यालयात त्यांचा लौकिक असा, की पानभर मजकूर मोजक्यांच्या टेबलावर गेला की दीड ओळ होऊन परत येतो. ते फालतू शब्द काढत. मग कमी फालतू काढत. मग जे उरेल ते वरिष्ठांकडे पाठवत, आणि वरिष्ठ ते वाचून मोजक्यांना बोलावून विचारत, “म्हणजे काय?”

हे लक्षात ठेवा. सगळी भानगड इथे आहे.

“मोठ्या सुट्टीला ताई आणि भावोजी येतायत,” वहिनी म्हणाल्या. (मोजक्यांच्या बायकोला गल्ली वहिनी म्हणते, म्हणून आपणही म्हणू. मोजके त्यांना ‘अगं’ म्हणतात.) “भावोजींचे दोन सूट असतात. टांगायला कपाटात जागा नको?”

“सुट्टीत सूट कशाला?”

“लागतो त्यांना. तुमच्यासारखं बनियनवर नाही बसत ते.”

“माझ्या सुटाशेजारी टांग.”

“तुमचा सूट,” असं म्हणून वहिनी थांबल्या. लग्न चांगलं मुरलं की बायको अशी मध्येच थांबायला शिकते, आणि नवरा त्या थांबण्याला घाबरायला. “तुमचा सूट जायला हवा.”

मोजक्यांनी कप चहासकट बशीत ठेवला.

तो सूट राखाडी. लोकरीचा. लग्नात शिवलेला. लग्नानंतर मोजक्यांनी तो एकदाच घातला होता, कार्यालयाच्या वर्धापनदिनाला. तेव्हा वरून आलेल्या साहेबांनी मोजक्यांनाच प्रमुख पाहुणे समजून दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं, “आपलं नाव फार ऐकलंय,” असं म्हटलं आणि हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. चूक लक्षात येईपर्यंत मोजके तिथे बसले होते, पाठ ताठ, गुडघ्यांवर हात. नंतर त्यांना उठवलं गेलं ते आपण सोडून देऊ. त्यांनीही सोडून दिलंय. पण त्या सुटात ते कुणीतरी होते, एवढं त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. पुढे पोट आलं. कोटाची दोन टोकं एकमेकांना दुरून बघू लागली. तरी दर रविवारी मोजके कपाट उघडून त्याच्या खांद्यावरची धूळ झटकत.

“भावोजी यायच्या आत गेला नाही,” वहिनी म्हणाल्या, “तर मी त्याची पायपुसणी करीन. लोकर चांगली आहे. चिखल छान धरील.”

साडूच्या सुटाला जागा व्हावी म्हणून आपल्या सुटावर साडूने पाय पुसावेत! मोजक्यांनी ठरवलं, जाणारच असेल तर तो लायक माणसाकडे जाईल. मापात बसणाऱ्या, आणि सूट घालून नीट उभं राहता येणाऱ्या माणसाकडे. फुकट गेला तरी चालेल, पण मानाने गेला पाहिजे.

त्यांनी पुठ्ठा घेतला आणि मजकूर तयार केला: ‘येथे एक जुना परंतु उत्तम स्थितीतील राखाडी लोकरी सूट लायक व्यक्तीस विनामूल्य मिळेल.’ मग सवयीप्रमाणे फालतू शब्द काढले. ‘जुना परंतु’ गेलं. ‘उत्तम स्थितीतील’ गेलं, कारण ते बघणाऱ्याला दिसेलच. राखाडीही दिसेल. लोकरी हाताला कळेल. एक आहे तो एकच असणार. विनामूल्य म्हटलं की नालायक लोक येतात, आणि लायक व्यक्ती म्हटलं की जास्तच येतात.

उरलं ते अगदी नेमकं उरलं. मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी, सारं गाव खरेदीला बाहेर पडायच्या वेळी, मोजक्यांनी ते फाटकावर टांगलं. येथे सूट मिळेल.

आणि हात झटकून ते लायक व्यक्तीची वाट बघत पायरीवर बसले.

पहिली आली एक बाई. दोन्ही हातांत रिकाम्या पिशव्या.

“कशावर आहे हो?”

“हँगरवर,” मोजके म्हणाले.

“अय्या, हँगरच हवे होते मला! किती आहे?”

“पूर्ण आहे.”

“पूर्ण?”

“पूर्ण.” हे सांगताना मोजक्यांना जरा अभिमानच वाटला. हल्ली लोकांकडे नुसते कोट असतात.

बाईने मागे वळून रस्त्यापलीकडे हाक मारली. ती हाक म्हणजेच खरं तर त्या प्रथेच्या जन्माची पहिली कळ. “अहो जाऊबाई, इकडे या लवकर! पूर्ण सूट आहे!”

पाटीवर: येथे सूट मिळेल. फक्त एकच.

रांग ही काय चीज आहे, यावर कुणीतरी शांतपणे विचार करायला हवा. पहिल्या चारांना ती कशाची आहे हे माहीत असतं, पुढच्या चारांना माहीत आहे असं वाटतं, आणि त्यापुढचे सगळे इतक्या लोकांना माहीत असेलच म्हणून उभे राहतात.

“काय मिळतंय?”

“सूट.”

“कशावर?”

“आधी हँगरवर म्हणत होते.”

“मी तर ऐकलं, गाद्यांवर.”

“अहो, सगळ्यावर आहे. पूर्ण आहे. सरका पुढे.”

“ढकलताय काय?”

“मी कुठे? मला मागचा ढकलतोय.”

“मला पण मागचाच.”

अगदी शेवटच्याला विचारलं असतं तर त्यालाही कुणीतरी मागचाच ढकलत होता.

मोजके हे ऐकून चक्रावले. एका सुटासाठी एवढे लायक लोक? त्यांना वाईट वाटलं. बाकीच्यांची उगाच निराशा व्हायची. म्हणून सरळ माणसाने करावं ते त्यांनी केलं. पाटीवर दोन शब्द वाढवले: फक्त एकच. दोन शब्द वाढवायचे म्हणजे मोजक्यांच्या दृष्टीने ही उधळपट्टीच. पण वेळच तशी होती.

“फक्त एकच काय?” मागून कुणीतरी ओरडलं.

“दिवस! फक्त एकच दिवस आहे!”

“उद्यापासून बंद?”

“म्हणजे काय! आजच संपणार!”

आणि जी रांग होती तिची गर्दी झाली.

पाटीवर: येथे जुनी सूट मिळेल

वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाल्या, पण भाषेला अजून निवृत्त होऊ दिलेलं नाही. गल्ली त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते, आणि गल्लीतल्या बाकी बायकांना ते मुकाट्याने चालतं. बाईंनी गॅलरीतून वाकून पाटी वाचली.

“मोजके! व्याकरण!”

“काय चुकलं, बाई?”

“काहीच चुकलं नाही, तेच वाईट आहे. ती सूट म्हणजे सवलत. तो सूट म्हणजे कोट-पँट. आणि तुम्ही घातलंय ‘मिळेल’! ‘मिळेल’मध्ये कळतं का कुठे, तो आहे की ती? भविष्यकाळ हा असा बेभरवशाचा. विशेषण लावा.”

“कोणतं?”

“‘जुना’ लावा. ‘जुना सूट’ म्हटल्यावर सवलतीची काय बिशाद आहे मध्ये यायची!”

मोजक्यांना पटलं. पुठ्ठ्यावर एव्हाना जागा उरली नव्हती आणि अक्षरही गर्दीच्या मानाने बारीक होतं, म्हणून त्यांनी नाक्यावरच्या पेंटरला बोलावलं. पेंटर म्हणजे बाजारातल्या यच्चयावत दुकानांच्या पाट्या ज्याच्या हातच्या तो. मोजक्यांनी त्याला कागदावर मजकूर लिहून दिला आणि आपण आत पाणी प्यायला गेले. पाणीही मोजकंच प्यायले. पण तेवढ्यात पाटी तयार. लाल रंग, पिवळी सावली, दोन्ही बाजूंना चांदण्या. ‘येथे जुनी सूट मिळेल.’

“जुनी?” मोजके बाहेर येऊन ओरडले. “मी ‘जुना’ लिहिलं होतं!”

“हो साहेब, चूक होती, मी सुधारली,” पेंटर ब्रश पुसत म्हणाला. “सूट नेहमी बाईमाणूस. अहो, जन्म गेला माझा तिला रंगवण्यात. आजपर्यंत कधी ‘भव्य मोठा सूट’ वाचलाय का तुम्ही?”

मोजक्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

गर्दीत मात्र आनंदाची लाट उसळली. म्हातारी माणसं, जी आतापर्यंत लांबून बघत होती, काठ्या टेकत पुढे आली. “जुनी सूट! अरे, ती आहे का अजून?” एक आजोबा डोळे पुसत म्हणाले. “हल्लीची कसली सूट! आधी भाव चढवायचा, मग चढवलेला उतरवायचा. जुनी सूट म्हणजे काय होती, तुम्हाला नाही कळायचं पोरांनो.” पोरांनी आजोबांना आदराने पुढे सोडलं आणि स्वतः त्यांच्या मागोमाग घुसली.

पाटीवर: हुकमावरून

(या चिकटवलेल्या कागदाच्या खालून: जुनी सूट मिळेल)

रस्ता तुंबला म्हणून कुणीतरी तक्रार केली आणि नगरपालिकेचे परवाना निरीक्षक आले. त्यांना पाहून मोजक्यांना बरं वाटलं. सरकारी माणसाचं दुःख सरकारी माणसालाच कळतं.

“विक्रीचा परवाना?” निरीक्षक म्हणाले.

“विक्री नाही. देतोय.”

“मोफत वाटप? त्याला वेगळी परवानगी लागते. सभा, मिरवणूक आणि मोफत वाटप, एकाच खिडकीत.”

“एकच सूट आहे हो!”

“कितीही असेना. सूट देण्यापूर्वी मूळ भाव जाहीर करावा लागतो. मूळ भाव काय?”

“मूळ भावच नाही. माझ्या लग्नातला आहे.”

निरीक्षकांनी मोजक्यांकडे निरखून पाहिलं. “तुम्ही वजनमापे कार्यालयातले ना? आमच्या खात्याचा प्रस्ताव तुमच्याकडे आला होता. तीन पानांचा. ‘कृपया मंजुरी’ एवढाच परत आला. कशाला मंजुरी, ते शेवटपर्यंत कळलं नाही कुणाला.”

हा बाण वर्मी लागला होता.

निरीक्षकांनी पिशवीतून छापील कागद काढला, पाटीवर थापला आणि त्यावर गोल शिक्का मारला. कागदावर लिहिलं होतं, ‘सदर फलक विनापरवाना असल्याने तो रद्द समजावा. हुकमावरून.’ पण सुट्टीच्या तोंडावरची छपाई ती. पहिली ओळ इतकी पुसट की नव्या नवरीच्या आवाजासारखी. ‘हुकमावरून’ तेवढं ठसठशीत. आणि कागदाच्या खालून लाल-पिवळी चांदणीवाली ‘जुनी सूट मिळेल’ डोकावत होती.

“हुकमावरून!” पुढची बाई ओरडली. “सरकारी सूट आहे, सरकारी!”

बघता बघता रांग वळणावरून पुढे गेली आणि कापडवाल्याच्या दुकानासमोरून आरपार निघाली.

पाटीवर: (पाटी पडली. कुणीतरी तिच्यावर उभं आहे.)

कापडवाला मीटरपट्टी हातात घेऊनच धावत आला. त्याचं दुकान सकाळपासून ओस. गिऱ्हाईक दारात येत होतं, पण तोंड मोजक्यांच्या घराकडे करून.

“मोजकेसाहेब, दरवर्षी माझ्या पट्टीवर शिक्का मारता, मी कधी हूं की चूं केलं का? मग आज माझ्याच दारात दुकान थाटता?”

“मी दुकान थाटलेलं नाही.”

“मग हे काय आहे?”

“रांग आहे.”

“कशाची?”

‘सुटाची’ म्हणावं तर ऐकणार कोण? एव्हाना गर्दीचाही धीर सुटला होता. “सूट द्या, सूट द्या” असा गजर सुरू झाला होता. कुणी म्हणालं, माल आत दडवून ठेवलाय. कुणी म्हणालं, नातेवाईकांना मागच्या दाराने देतायत. नातेवाईकांना! मोजक्यांना साडू आठवला आणि त्यांचं डोकंच फिरलं. ते तरातरा आत गेले.

“कुठे निघालात?” वहिनींनी विचारलं.

“दाखवतोच आता एकेकाला, सूट म्हणजे काय!”

ते पुन्हा बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात तो होता. राखाडी, लोकरी, पूर्ण. पँटचं बटण ओढूनताणून लावलेलं. कोट मात्र दोन्ही बाजूंना उघडा, मध्ये शर्टातलं पोट सभापतीसारखं बसलेलं. मोजके सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहिले. पाठ ताठ. वर्धापनदिनानंतर प्रथमच.

गजर थांबला.

“हा!” मोजके कोटाच्या कॉलरला हात लावून म्हणाले. “हा सूट! हाच मिळेल!”

इतकी शांतता, की गॅलरीतून बाईंचं “शाबास, सर्वनाम!” सगळ्यांना ऐकू आलं.

पहिल्या बाईने मोजक्यांच्या सुटाकडे बघितलं. मग शेजारी मीटरपट्टी घेऊन उभ्या असलेल्या कापडवाल्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

“म्हणजे, असा सूट घातला की... तुमच्या दुकानात सूट मिळते?”

कापडवाल्याने झरकन रांगेवर नजर टाकली. धंद्यातला माणूस. शर्ट होते, सदरे होते, गाऊन होते. सूट एकाच्याही अंगात नव्हता. एका मोजक्यांना एक रुमाल स्वस्त दिला की काम भागत होतं, आणि गर्दी आयती दुकानाकडे वळत होती. इतक्या स्वस्तात इतकं उदार होण्याची संधी त्याच्या घराण्यात कुणाला आली नव्हती. त्याने पट्टी उंच धरली.

“मिळते म्हणजे? मिळतेच! आज सूट घालून येईल त्याला माझ्या दुकानात घसघशीत सूट!”

प्रथा इथे जन्मली. कापडवाल्याचे आजोबा तेव्हा भिंतीवरसुद्धा नव्हते.

पहिली बाई पायरी चढून मोजक्यांजवळ आली आणि अगदी घरच्यासारखं म्हणाली, “भाऊ, जरा काढता का? आत्ता आणून देते.”

पाटीवर: येथे सूट परत करावा

भर गर्दीत सूट उतरवून देणं हे कुठल्याही वरिष्ठ लेखनिकाला शोभणारं नाही. मोजक्यांनी आत जाऊन पायजमा चढवला, इथपर्यंतच सांगतो.

पहिल्या बाईने आपल्या कपड्यांवरूनच कोट-पँट चढवली. कोट गुडघ्यापर्यंत, बाह्या बोटांच्याही पुढे. तशीच निघाली होती, पण मोजक्यांना राहवेना.

“थांबा. असा नाही घालायचा. खांदे मागे. हां. बटण लावा. आता चाला.”

बाई ताठ चालत दुकानात गेली. कापडवाल्याने गल्ल्यावरून मान वर केली, राखाडी कोट बघितला, आणि जन्माच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, “या साहेब.”

बाई परत आली ती कापडाचा गठ्ठा घेऊन. पण पायरीवर कोट उतरवताना तिने क्षणभर त्याची कॉलर हाताने नीट केली. “साहेब म्हणाला हो मला,” ती जावेला सांगत होती.

मग दूधवाला. मग पेंटर, त्याने आरशात बघून स्वतःलाच ओळख दिली नाही. मग जुनी सूट आठवणारे आजोबा. बेकरीवाला आला तेव्हा सुटालाच घाम फुटला असावा. बेकरीवाल्याने श्वास रोखला, मोजक्यांनी बटण लावलं, दुकानात भाव ऐकून बेकरीवाल्याने श्वास सोडला, आणि पाठीची शिवण सरळ रेषेत उसवत गेली. मोजक्यांच्या काळजात तोच आवाज झाला. पण पुढचा माणूस हात पसरून उभा होता, आणि कधी नव्हे ते त्याने केस विंचरले होते. “खांदे मागे,” मोजके म्हणाले.

सगळे ताठ चालत जात होते. सगळ्यांना कापडवाला “या साहेब” म्हणत होता, दर वेळी जरा जास्त रडवेल्या आवाजात. लायक माणूस एक शोधायला निघालेल्या मोजक्यांना कुणाला नाही म्हणावं तेच कळेना.

निरीक्षक म्हणाले, “खात्याच्या वतीने मला प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल,” आणि पाहणीतून पडद्याचं कापड घेऊन आले. जाताना पडलेली पाटी त्यांनी स्वतः उचलली, उलटी केली, आणि कोऱ्या बाजूवर सूट कुठे आणून द्यायचा ते लिहून फाटकाला टांगली. “आता कायदेशीर आहे,” म्हणाले. बाईंनी ‘करावा’ वाचलं आणि गॅलरीत टाळ्या वाजवल्या.

एक सूट आणि एवढी रांग. दिवस अपुरा पडणार असं दिसत असतानाच गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. गडद निळ्या सुटातले एक गृहस्थ उतरले. मागे ताई, मागे भलीमोठी बॅग.

“दुसरा आला!” रांगेतून एकच आरोळी उठली. “अरे, दुसरा सूट आला!”

साडूंना वाटलं, हे आपलं स्वागत. त्यांनी हसून हात हलवला. तो हात खाली येईपर्यंत कोटाची एक बाही कुणीतरी काढली होती.

“अहो, हे काय? अगं, हे लोक... पँट? पँट का?”

“आत्ता आणून देतो, साहेब!”

“भावोजी,” फाटकातून वहिनींचा आवाज आला, “बॅगेतला दुसराही द्या ना. लोक खोळंबलेत.”

मोजक्यांनी वळून पाहिलं. फाटकातून वहिनी परत येत होत्या, राखाडी सूट घालून. खांदे मागे. हातात कापडवाल्याकडचं पुडकं.

“तू पण?”

“रांगेत उभी राहूनच घेतला,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा लाल झाला होता. “बाईसाहेब म्हणाला तो मला. माहेरी नाही, सासरी नाही, कुण्णी म्हटलं नव्हतं हो आजवर.” त्यांनी कोट काढला. मग आपल्या बोटांनी त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली, अगदी मोजके झटकतात तशी. पुडक्यात काय आहे हे त्यांनी विचारल्यावाचून सांगितलं. “कव्हर शिवते याला. उघडा टांगून धूळ खातो बिचारा.”

संध्याकाळी रांग विरली. कापडवाल्याच्या दुकानात रिकाम्या फळ्या होत्या आणि कापडवाला त्यांच्याकडे बघत हसावं की रडावं ते ठरवत होता. (पुढच्या वर्षी त्याने स्वतःच महिनाभर आधी जाहिरात केली, त्यावरून काय ठरलं ते समजा.) राखाडी सूट पायरीवर परत आला तेव्हा ओळखू येत नव्हता. खांदे ओघळलेले, बाह्या लांबलेल्या, पाठ उसवलेली. वहिनींनी उसवलेल्या जागी कव्हराच्या कापडाची पट्टी लावून टाके घातले.

“घालून बघा.”

मोजक्यांनी घातला. कोटाची दोन टोकं इतक्या वर्षांनी एकमेकांना भेटली. बटण लागलं.

साडू मात्र कौतुक करण्याच्या स्थितीतच नव्हते. त्यांचा दुसरा सूट अजून कुठेतरी बाजार करत होता, आणि पहिल्यातला कोट तेवढा धड परत आला होता. पँट आली ती एकाच पायाची. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसले होते. मोजक्यांच्या बनियनवर.

कपाटात आता राखाडी सूट असतो, कव्हरात. त्याच्याशेजारी जागा आहे, पण साडू हल्ली सूट आणत नाहीत. सुट्टीच्या आदल्या दिवशी तर या गावात फिरकतही नाहीत. ते दुसऱ्या दिवशी येतात, दारात पाय पुसतात आणि आत येतात. दाराशी पायपुसणं नवीन आहे. गडद निळं. लोकर चांगली आहे, चिखल छान धरते. साडूंनी अजून ओळखलेलं नाही.